ताण बसलेला माणूस

भाई परळच्या चाळीतली खोली विकून मालवणला आले, ते पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि एक तत्त्वज्ञान घेऊन. पहिल्या दोन गोष्टी बँकेत आहेत, तिसरी गावभर.

"आंब्याक ताण बसल्याशिवाय मोहोर येना नाय. माणसाचा पण तसाच आसा," हे ते पाणंदीत भेटेल त्याला ऐकवतात. आंब्यापुरतं ते खरं आहे. पाऊस सरला, जमीन वाळली, थंडी पडली की हापूस मोहोरतो. ओल टिकली तर नुसती पालवी फुटते. भाईंनी मात्र हा नियम स्वतःला लावून घेतला.

आधी खोलीतला पंखा काढला. मग एसटी. मालवण-कुडाळ गाडी अर्धी रिकामी असली तरी भाई दांडा धरून उभे. कंडक्टर एकदा म्हणाला, "काकानू, बसा. उभ्या माणसाचा तिकीट कमी नाय." भाई बसले नाहीत, कट्टा गाव येईपर्यंत त्यालाच संयमाचे फायदे सांगत राहिले. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदीमुळे ट्रॉलर बंदरात बांधलेले असतात. नेमक्या त्याच दोन महिन्यांत भाई सुरमईचा त्याग करतात.

त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, हे सगळं बघतात आणि कोकमं वाळत घालतात. "आंब्याक ताण देतत तो दोन-तीन म्हयने," त्या मला म्हणाल्या. "माका बत्तीस वर्सा झाली. माजो मोहोर खंय?"

शेअरबाजार हे भाईंचं खरं तपोवन. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंशांनी कोसळला, तेव्हा माणसं धास्तावलेली आणि भाईंच्या तोंडावर लग्नघराचं तेज. दुखतं तेव्हाच घ्यायचं, हा त्यांचा सिद्धांत. आणि सिद्धांत चुकीचा नव्हताच! त्या दिवशी 26,000 च्या खाली बंद झालेल्या सेन्सेक्सने पुढच्या जानेवारीत 50,000 ला हात लावला. पण सगळा बाजार एकदम विकत देणारा इंडेक्स फंड भाईंना फार सुखासीन वाटला. त्यांनी सर्वांत जास्त दुखणारी एक कंपनी हुडकून काढली. चाळीसचा शेअर बावीसवर आला, भाईंनी 'ॲव्हरेज' केलं. नऊवर आला, पुन्हा केलं. भाव पडतो तो कधी लोक घाबरले म्हणून, तर कधी कंपनी खरोखरच बुडाली म्हणून, हा फरक सांगायला जावं तर, "तुमका ताण सोसना नाय!" शेवटी त्या शेअरचे व्यवहारच बंद पडले. काकींची छोटी एसआयपी मात्र त्या पडझडीतही चालू राहिली, कारण ती बंद करायचा अर्ज द्यायला लॉकडाऊनात बँकेत जाणार कोण?

मग मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं. माड आडवे, विजेचे खांब आडवे, कित्येक वाड्या काही दिवस काळोखात. आख्ख्या गावाचे पंखे बंद. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते संकट दारात आलं, तर भाई दुसऱ्याच सकाळी वीज कार्यालयाच्या पायरीवर!

"भाई, ताण..." मी सुरुवात केली.

"ह्यो ताण न्हय, हो अन्याय!"

मला वाटतं, भाईंना कष्टाचं वावडं नाही. फक्त ते आपल्या वेळापत्रकाने यावेत, आणि त्यांना प्रेक्षक असावेत. सगळेच घामाघूम असले तर एकट्याच्या घामाला विचारतो कोण?

काकींनी गेल्या वर्षी एसआयपीतले थोडे पैसे मोडले आणि तारकर्लीला येणाऱ्या पर्यटकांसाठी मागच्या पडवीत एक खोली काढली. एसी बसवला. पंखा नसलेला माणूस घरात, म्हणून पाहुणेही भाईंकडे कौतुकाने बघतात, फोटो काढतात. खोली रिकामी असेल त्या रात्री मात्र भाई तिथेच झोपतात. एसी नीट चालतो की नाही, ते कोणीतरी तपासायला नको?