मजल्यावरचा त्रिशंकू

गिरगावच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर एक त्रिशंकू असतो. आमच्या मजल्यावर अण्णा. नाव पोरांनी ठेवलं, पण अण्णांनाही ते मान्य आहे. "निदान वरच्या मजल्यावर तरी आहे," म्हणतात.

अण्णांकडे दोन पेपर येतात. एक सरकारची आरती करणारा, दुसरा सरकारचं श्राद्ध घालणारा. रद्दीवाला दोन्हींना एकच भाव देतो, हे सांगताना त्यांना विशेष आनंद होतो.

पेपरनं बाजू घेतली म्हणून मात्र त्यांची तक्रार नाही. ज्या गिरगावात 'नवाकाळ' छापला गेला, तिथल्या माणसाला जहाल अग्रलेखाचं काय अप्रूप! अत्र्यांचा 'मराठा' १९५६ साली निघाला तो संयुक्त महाराष्ट्रासाठी भांडायलाच. 'सामना' १९८८ साली आला तो शिवसेनेचा म्हणूनच. लपवाछपवी नव्हती. "आताचे अँकर मुंडावळ्या बांधून बोहल्यावर बसतात," अण्णा म्हणतात, "आणि सांगतात, आम्ही नुसते फोटो काढायला आलोय!"

मेट्रो तीन गिरगावात आली, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तेव्हा स्टेशनबाहेर अण्णांपुढे दोन माइक आले. अण्णा म्हणाले, "आरेतली झाडं २०१९ साली रातोरात तोडली ते वाईटच झालं, पण मेट्रो झाली ते झकास झालं." संध्याकाळी एका चॅनलवर स्वल्पविरामापर्यंतचे अण्णा दिसले, दुसऱ्यावर त्यानंतरचे. सकाळी दुधाच्या रांगेत पुढचा त्यांना 'चमचा' म्हणाला आणि मागचा 'भक्त'. अख्खे अण्णा फक्त वहिनींनी ऐकले होते, आणि त्यांचं म्हणणं पडलं की आधी लाईट बिल भरा.

बिनमताचा म्हणाल तर तसं नाही. अण्णांना मतं इतकी आहेत की बायको आजही दुसऱ्या खोलीत झोपते. फक्त प्रत्येक प्रश्नाला ते वेगळं मत काढतात, घाऊक माल घेत नाहीत. अडचण इथंच आहे. २०१९ साली सेना काँग्रेससोबत गेली, २०२२ साली सेना फुटली, २०२३ साली राष्ट्रवादी फुटली. प्रत्येक वेळी चाळीतल्या मंडळींनी खुर्च्या हलवल्या. अण्णा होते तिथेच बसले, म्हणून सगळ्यांना वाटलं, अण्णांनीच पक्ष बदलला.

२०२२ च्या दसऱ्याला दोन मेळावे झाले, एक शिवाजी पार्कला, एक बीकेसीत. पेपरांवर विश्वास नाही म्हणून अण्णा दोन्हीकडे जाऊन आले. रात्री जिन्यातच दोन्ही गटांनी त्यांना गाठलं. गर्दी कुठं जास्त? अण्णा म्हणाले, "गर्दी दोन्हीकडे होती, प्यायचं पाणी कुठेच नव्हतं." दोन्ही गटांनी एकमतानं त्यांच्याशी बोलणं सोडलं. चाळीत त्या वर्षातलं एवढंच एकमत.

त्यानंतर महिन्याभरात अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत 'नोटा'ला १२,८०६ मतं पडली आणि 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर आला. अण्णांचं मत तिथं नव्हतंच, तरी दोन दिवस लोक त्यांच्याकडे संशयानं बघत होते.

तुमच्याही मजल्यावर असा एक त्रिशंकू असेलच. मतदानाच्या सकाळी चिठ्ठी घेऊन त्याचं दार कुठलाच कार्यकर्ता वाजवत नाही, तो आपला नाही याची प्रत्येकाला खात्री असते. खाली उतरताना तेवढी त्याला एक हाक मारा. फक्त वाटेत मेट्रोचा विषय काढू नका, मतदान पाचला नाही तर सहाला तरी बंद होतं.