अव्वल कारकुनाची फुंकर

ज्या घरात एखादे यंत्र बिघडले आहे त्या घराचा सुगावा ज्यांना निमंत्रणावाचून लागतो, जे दाराशी आल्यावर आपण आल्याची वर्दी देण्यासाठी नव्हे तर घंटा शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी ती वाजवतात, आणि आत पाऊल टाकल्यावर यजमानाच्या प्रकृतीआधी त्याच्या फ्रिजच्या घरघरीची विचारपूस करतात, त्या गृहस्थांची ओळख वाचकांना करून देण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. कुठे तो आढळत नसेल तर तेथील वाचकाने स्वतःच्याच वागणुकीकडे जरा संशयाने पाहावे. आमच्या वाट्याला आलेल्या मूर्तीस अण्णासाहेब म्हणतात. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून त्यांनी हयात घालवली, आणि निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल, नारळ देऊन त्यांचे दप्तर ठेवून घेतले तरी दप्तराची भाषा काही परत मागितली नाही. त्यामुळे मिक्सर त्यांच्या लेखी बिघडत नाही, ‘कसूर करतो’. आणि तो कसा बंद पडला हे गृहिणी सांगू लागली की ती हकीकत राहत नाही, तिची जबानी होते.

एवढे मी सोसले असते. सोसवत नाही ती त्यांची फुंकर.

विश्वातील यच्चयावत बिघाडांचे मूळ धुळीत आहे आणि धुळीवर मनुष्याच्या श्वासाइतके जालीम औषध नाही, असा अण्णासाहेबांचा सिद्धान्त आहे. स्टोव्हच्या जमान्यात पिन मारून झाल्यावर ते बर्नरवर फुंकत. टेपरेकॉर्डर आला तेव्हा त्याच्या हेडवर फुंकले. पुढे व्हिडिओ गेमच्या कॅसेटी, रिमोटचे सेल, सिमकार्डे, इस्त्रीची वायर आणि एकदा तर डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत रक्तदाब मोजण्याचे यंत्र, असा त्या वायुप्रवाहाचा अंमल उत्तरोत्तर वाढतच गेला. विधी ठरलेला. चष्मा कपाळावर जातो, डोळे मिटतात, गाल भरतात, आणि मग किंचित सुपारीचा वास असलेला एक दीर्घ उच्छ्वास त्या निर्जीव वस्तूच्या अंतर्यामी प्रवेश करतो. त्यानंतर वस्तू कानाशी नेऊन तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. जिन्यातल्या मीटरच्या पेटीत त्यांनी फुंकर घातली त्याच क्षणी एकदा इमारतीची वीज गेली होती. ती वास्तविक सबंध पेठेचीच गेली होती, परंतु चारही मजल्यांवर आजतागायत ती अण्णासाहेबांच्याच नावे खर्ची पडलेली आहे.

गेल्या आषाढात आमचे मेव्हणे सहकुटुंब मुक्कामास आले, आणि त्यांच्यासोबत त्यांचा घडीचा फोन आला. तो कोणत्या कंपनीचा हे सांगण्याचे प्रयोजन नाही. किंमत मात्र सांगण्याची सोय मेव्हण्यांनीच पहिल्या चहाबरोबर केली होती. बोलता बोलता ते तो खिशातून काढीत, चंची उलगडावी तशा ऐटीत उलगडीत, त्यात पाहण्यासारखे काही नाही अशी खात्री करून घेत, आणि टप्‌ असा आवाज करून मिटीत. तो आवाज कोणी ऐकला नाही असे वाटल्यास पुन्हा उलगडीत. अशा या ऐश्वर्याने एके सकाळी, जेमतेम चार टक्के वीज शिल्लक असताना, चार्ज होण्याचे साफ नाकारले. ही वार्ता घराबाहेर गेली नव्हती. तरीही पोहे होण्याच्या आत अण्णासाहेब हातात टेस्टर घेऊन दारात उभे.

“पाहुणे, मुद्देमाल बघू,” ते म्हणाले.

चौकशी रीतसर झाली. भिंतीतला प्लग टेस्टरने तपासून निर्दोष ठरला. चार्जर बदलला, तार बदलली, शेजारच्यांची तार जामीन म्हणून आणवली. फोन बंद करून पुन्हा चालू केला. चार्जिंग सुरू असताना त्यास अखेरचे कोणी पाहिले याविषयी माझ्या सौभाग्यवतीची आणि मोलकरणीची स्वतंत्र जबानी झाली. मेव्हण्यांनी विक्रेत्याकडून ऐकलेली माहिती अभिमानाने पुरवली की, या फोनात बॅटऱ्या दोन असतात, प्रत्येक अर्ध्या भागात एक, आणि त्यांना जोडणाऱ्या पातळ पट्ट्या बिजागरीतून जातात. अण्णासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. “दोन खातेदार आणि सातबारा एकच?” ते उद्गारले, “मग तंटा व्हायचाच.”

मेव्हण्यांची कन्या अभियांत्रिकी शिकते. तिने या वृद्धास समजावून सांगितले की 2014 साली ठरलेल्या या नव्या धाटणीच्या लंबगोल छिद्रात चोवीस संपर्कबिंदू असतात. पूर्वीप्रमाणे तार खुपसली आणि वीज वाहू लागली असा कारभार आता उरलेला नाही. पलीकडे खरोखर फोन जोडला गेला आहे याची चार्जरला खात्री पटावी लागते, पटल्यावरही तो आरंभी पाचच व्होल्ट देतो, आणि अधिक हवे असल्यास फोनने तशी मागणी करून चार्जरने ती मान्य करावी लागते. सबब तार केसभर जरी अधांतरी राहिली तरी सगळा व्यवहार ठप्प. हे ऐकताना अण्णासाहेबांच्या मुद्रेवर जे समाधान पसरले ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिले नव्हते. “म्हणजे अर्जाशिवाय तगाई नाही!” ते म्हणाले. “छान! तर मग अर्ज पोचत नाही, पाहुणे. वाटेत कोणीतरी तो दाबून ठेवला आहे.” आणि क्षणभर थांबून, निकालपत्र वाचावे अशा स्वरात, “धूळ.”

आता पुढे काय होणार हे मला दिसत होते. परंतु त्याआधी त्यांनी जे केले ते अनपेक्षित होते. त्यांनी खिशातून पेचकसांची जुनी डबी काढली, फोन हातात घेतला, पालथा केला, उताणा केला, उलगडला, मिटला, कडेकडेने बोट फिरवले आणि शेवटी डबी उघडी ठेवूनच विचारले, “याला स्क्रू कुठे आहेत?” ते कुठेच दिसत नव्हते, जे काही होते ते डिंकाने आणि काचेने बंदिस्त. बिजागरीला शिलाईयंत्राचे तेल सोडण्याची त्यांची सूचना मेव्हण्यांनी दोन्ही हात आडवे धरून फेटाळली. पडद्यावरचे पातळ आवरण नखाने उचकटण्याचा प्रयत्न भाचीने किंचाळून थांबवला; 2019 च्या एप्रिलमध्ये सॅमसंगचे पहिले घडीचे फोन परीक्षणासाठी मिळालेल्यांपैकी काहींनी हेच आवरण फेकून देण्याचा कागद समजून सोलले, पडदे निकामी झाले आणि त्या फोनचे बाजारात येणे सप्टेंबरपर्यंत लांबले, ही नजीर तिने तत्काळ पेश केली. नजीर म्हटल्यावर अण्णासाहेब नमले. मग त्या सबंध गुळगुळीत वस्तूला माणसासाठी उरलेली जी एकच फट होती, तिच्याकडे ते वळले. चष्मा कपाळावर गेला.

फुंकर दीर्घ होती. बाहेर आषाढ कोसळत होता, हवा आधीच चिंब, आणि त्यात सुपारीचा दमट श्वास; फोनला तार लावताच पडद्यावर थेंबाचे चित्र उमटले आणि खाली अक्षरे झळकली: चार्जिंगच्या पोर्टमध्ये ओलावा आढळला आहे. आजवरच्या प्रदीर्घ कारकिर्दीत ज्या यंत्रांनी अण्णासाहेबांविरुद्ध कधीच तोंड उघडले नव्हते, त्या सर्वांच्या वतीने या यंत्राने लेखी फिर्याद नोंदवली. खोलीत काही काळ कोणी बोलले नाही.

“तांदूळ आणा,” अण्णासाहेब म्हणाले.

“आंबेमोहर आणू की खिचडीचा कोलम?” सौभाग्यवतींनी विचारले; त्या प्रश्नात उपरोध होता की आदरातिथ्य, हे मला अद्याप कळलेले नाही. भाचीने तांदूळही नामंजूर केले: ओला फोन तांदळात ठेवू नये, त्यातील बारीक कणांनी अपाय होतो, असे ॲपलने 2024 साली आपल्या ग्राहकांना लेखी बजावले आहे. अखेर फोन पंख्याखाली पडून राहिला. सायंकाळी थेंबाचे चित्र मावळले, परंतु चार्जिंगचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती केंद्रात गेलो. अण्णासाहेब अर्थात बरोबर होते, आणि प्रकरणाची कागदपत्रे त्यांच्याकडे होती. गणवेशातील एका कोवळ्या तरुणाने भिंगातून त्या छिद्रात पाहिले, फोन बंद केला, प्लॅस्टिकच्या बारीक काडीने मेव्हण्यांच्या खिशातील सुती तंतूंचा दाबून नमदा झालेला एक गोळा बाहेर काढला, आणि मग खणातून एक काळा रबरी फुगा काढून त्याचे नळकांडे छिद्राशी धरून तो दाबला. फुस्स. पुन्हा दाबला. फुस्स. तार लावताच वीज वाहू लागली. बिलावर पोर्ट-सफाई असा इंग्रजी शेरा, एक भरघोस रक्कम आणि तीवर अठरा टक्के जीएसटी. मेव्हणे पैसे मोजत असता अण्णासाहेबांनी ते बिल हिशेबतपासनिसाच्या बारकाईने वाचले, घडी घालून परत केले आणि म्हणाले, “निदान आमचे, वसुली यांची.”

या माणसाविषयी कडक लिहावे असा माझा मनसुबा होता, आणि आहेही. पण मध्येच वडिलांचा रेडिओ आडवा येतो. वडिलांच्या अखेरच्या वर्षांत तो रेडिओ बहुधा रविवारीच बिघडत असे. निरोप गेला की अण्णासाहेब पेचकसांची डबी घेऊन येत, मागचे झाकण काढून आत फुंकत, आणि मग ते झाकण तसेच उघडे ठेवून ते दोघे जमाबंदीपासून गुडघेदुखीपर्यंत अशा काही गोष्टी बोलत बसत की त्यांत मला प्रवेश नसे. उठताना चार स्क्रू पिळले जात, आणि रेडिओ खणखणीत वाजू लागे. वडील गेल्यावर तो एकदाही बिघडला नाही. अण्णासाहेबांनी त्याची चौकशी कधी केली नाही. ज्यांना शेजारच्या मजल्यावरचा घसरलेला पंखा ऐकू येतो त्यांनी. कोणाचे तरी यंत्र उघडल्याखेरीज ज्याला त्याच्या घरात बसता येत नाही, त्या माणसाला न उघडणारी यंत्रे देऊन या शतकाने नेमके काय साधले, हे मला ठाऊक नाही. फुंकर मात्र मला आजही सोसवत नाही, हे नमूद करून ठेवतो.

परवा ते तपकीर गल्लीतून तसलाच रबरी फुगा विकत घेऊन थेट आमच्याकडे आले. आमचा मिक्सर ठणठणीत असल्याचे मी निक्षून सांगितले. ते त्यांनी ऐकून घेतले आणि खुर्ची ओढली. सौभाग्यवतींनी न विचारता चहाचे आधण ठेवले. अण्णासाहेबांनी नवा फुगा दिव्याकडे धरून निरखला, त्याच्या नळकांड्यात दुकानातील धूळ साचली असणार असा निष्कर्ष काढला, चष्मा कपाळावर चढवला, आणि गाल भरले.