बाटली लावा, डॉक्टर!

मराठवाड्यात मन आजारी पडत नाही. तशी पद्धतच नाही. फारच हौस असेल तर त्यानं पोटात जाऊन पित्त व्हावं, मानेत जाऊन चमक व्हावी, छातीत जाऊन धडधड व्हावी. मग त्याला केसपेपर मिळतो. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे जुन्या देवळांचं आणि बारवेचं गाव. तिथंही दवाखान्याच्या बाकावर बसून कुणी म्हणणार नाही की, ‘डॉक्टर, कर्जाच्या काळजीनं झोप उडाली.’ तो म्हणतो, ‘हातपाय गळून गेलेत, डोकं जड पडायलंय. एक बाटली लावा.’

बाटलीत असतं काय? अर्धा लिटर पाणी अन् साडेचार ग्रॅम मीठ. एवढ्यानं काळजी विरघळायचं कारण नाही, तरी गुण येतो. कारण तासभर आडवं व्हायला मिळतं. दिवसाढवळ्या घरात आडवा झाला तो आळशी. बाटलीखाली आडवा झाला तो पेशंट. बायको उशाशी बसते, भाऊ चहा आणतो, तेवढा वेळ हप्त्याचं कुणी काढत नाही. बाईला तर एरवी ताप आला तरी चूल सुटत नाही; हाताला सुई टोचलेली दिसली की मगच सासू भाकरी थापायला बसते. आपल्याकडचा सर्वांत विश्वासू समुपदेशक म्हणजे सलाईनचा लोखंडी स्टँड. तो मधेच तोंड घालून सल्ला देत नाही.

यात सोंग काही नाही. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानं १९३६ साली उंदरांचा थंडीनं, जखमेनं, अतिश्रमानं छळ करून पाहिला. छळ वेगवेगळे, बिघाड एकच: पोटात व्रण आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रेनल ग्रंथी फुगलेल्या. बिचाऱ्यांना पीकविम्यासाठी ७२ तासांत नुकसान कळवायला कुणी सांगितलं नव्हतं, नाहीतर निकाल लवकर लागला असता. बांधावर नाग दिसला की याच ग्रंथी माणसाला पळायचं बळ देतात. नाग निघून जातो, काळीज ठिकाणावर येतं. बँकेची नोटीस मात्र फडताळात मुक्कामाला असते. मग कॉर्टिसॉल उतरत नाही, रक्तदाब चढतो, साखर वाढते, खाल्लेलं पचत नाही.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. २०१५ साली शेतकऱ्यांच्या मनाला आधार द्यायला ‘प्रेरणा प्रकल्प’ आला: चौदा जिल्हे, त्यात मराठवाड्यातले आठही, म्हणजे परभणीही. शिवाय तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरतात. त्यात खोकला, जखम, तंबाखू असं सगळं विचारून झालं की मनाचे प्रश्न येतात. दोन. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का? उदास, हताश वाटलं का? शून्य ते तीन गुण द्या.

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल. मोंढ्यात त्याच्या कितीतरी खाली माल घालून आलेल्या माणसाला विचारायचं, ‘मामा, हताश वाटतंय का?’ मामा म्हणणार, ‘नाही बाई, गंमत वाटायली.’ याला गुण किती द्यायचे, ते फॉर्मात नाही. झोपेचं विचारलं तर म्हणतील, ‘या आठवड्याला लाईट रात्रीची हाय.’ आता हा निद्रानाश की महावितरणचं वेळापत्रक?

आणि आशाताईंना हे दोन प्रश्न कुणी विचारायचे? मानधनासाठी त्यांनी २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानात ठाण मांडलं, तेव्हा कुठं मार्चमध्ये महिन्याला पाच हजारांची वाढ पदरात पडली. गावाचा ताण मोजायला निघालेली बाई आपला ताण पिशवीत घालून फिरते.

वर पुन्हा शहाण्यांचा सल्ला आहेच: ताण घेऊ नका. जसा काही आम्ही तो आठवडी बाजारातून पारखून घेतला! प्राणायाम करा, सकाळी चाला. रात्रभर पाणी देऊन बांधाबांधानं घरी परतलेल्याला अजून किती चालवायचं?

तरीही ज्याचा जीव घाबरा होतोय त्यानं १४४१६ लावावा. टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे. बोलल्यानं माणूस सावरतो, त्यात कमीपणा नाही. आणि छातीतली धडधड ‘टेन्शनची असंल’ म्हणून अंगावर काढू नये. ती तपासूनच घ्यावी.

पण दिवसा वीज हा झोपेवरचा इलाज आहे, वेळेवर मिळालेला विमा हा पित्तावरचा, आणि हमीभावानं झालेली खरेदी हा धडधडीवरचा. यातला एकही आरोग्य खात्याच्या कपाटात नाही. त्या खात्यानं रक्तदाबाच्या गोळ्या खुशाल वाटाव्यात. बाकीच्या खात्यांनी रक्तदाब वाटणं थांबवावं.