टपरी पिकअपवर चढवण्याची पद्धत

तेरखेडा (ता. वाशी, जि. धाराशिव) फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ गावाजवळून जातो. अशा रस्त्यालगतची पत्र्याची टपरी ही तत्त्वतः हलवता येणारी वास्तू होय. अतिक्रमणाची नोटीस हातात पडेपर्यंत हे तत्त्व कोणी पडताळून पाहत नाही.

वाहतुकीसाठी बोलेरो पिकअप बोलावतात. तिचा हौदा मोठ्यात मोठा म्हणजे सुमारे दहा फूट लांब व साडेपाच फूट रुंद. टपरी सहा फुटी असल्याचा शोध ती अर्धी चढल्यावर लागतो. मग बाजूचे फाळके खाली पाडायचे ठरते, तर त्यांच्या कड्या गंजून चिकटलेल्या असतात.

उचलणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात : खांदा देणारे आणि सूचना देणारे. दुसरा वर्ग संख्येने मोठा. पहारीने एक कोपरा उचलावा, खाली लोखंडी नळ्या सारून टपरी पुढे लोटावी, ही रीत सर्वांना ठाऊक असते. नळ्या मात्र कोणी आणलेल्या नसतात. एक जण ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतो, दुसरा ‘थांब’. चालक दोघांचाही मान राखून गाडी निम्मी मागे घेतो.

शेवटी टपरी कासऱ्याने आवळतात, मागे लाल फडके लावतात. त्यानंतर कोणाला तरी वर लोंबणारी विजेची तार दिसते.

उतरवण्याची पद्धत हीच, फक्त माणसे निम्मी.