न पाहता न्याय

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या परीक्षकांना सिनेमे पाहून निकाल द्यावा लागतो, आणि गोंधळ तिथेच होतो. १ ऑगस्ट २०२५ ला आशुतोष गोवारीकरांच्या समितीने सर्वोत्कृष्ट अभिनेते दोन निवडले: 'जवान'चा शाहरुख आणि 'ट्वेल्थ फेल'चा विक्रांत मॅसी. इतकं पाहूनही एक नाव ठरेना!

आमच्या बोरिवलीतल्या सोसायटीत असली चालढकल नाही. तळमजल्यावरच्या काकांनी चहा निवायच्या आत दोन्ही पुरस्कार रद्द केले. मग वळले सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाकडे, 'श्यामची आई'कडे. "अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ लाच राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालंय. एकाच आईला किती वेळा देणार?" हा मुद्दा दिल्लीत कुणालाच सुचला नव्हता. (हा नवा सिनेमा सुजय डहाकेंचा, हा तपशील त्यांनी क्षुल्लक ठरवला.)

पुढची समिती सरकारने आमच्या जिन्यातूनच नेमावी. प्रवासभत्ता वाचेल, थिएटरचं भाडंही.

"काका, यातला कुठला पाहिलात?" मी विचारलं.

ते दुखावले. "पाहिला तर मत निःपक्षपाती कसं राहील?"

पुढच्या वर्षीचा निषेध त्यांनी लिहून ठेवलाय. विजेत्याच्या नावाची जागा तेवढी कोरी आहे.