फ्रेंच आरोळी, इंग्रजी आरोळी

नॅशविल, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल रायमन थिएटरात गाणं ऐकून आलो. थिएटर म्हटल्यावर मी आपली सिल्कची साडी नेसले. आजूबाजूला सगळ्या जीन्स आणि काऊबॉय टोप्या! बसायला खुर्च्या नाहीत, चर्चमधले लांबलचक लाकडी बाक. बाबा, तुम्ही पहिल्या रांगेत पाय पसरून नाटक बघणारे. इथे तुमचे गुडघे हनुवटीला लागतील.

बाक का, तर त्याची गोष्ट आहे. टॉम रायमन हा इथला आगबोटींचा मालक. १८८५ मध्ये सॅम जोन्स नावाच्या प्रवचनकाराची टिंगल करायला त्याच्या तंबूत गेला म्हणतात, आणि भक्त होऊनच बाहेर पडला. जोन्सबुवांना तंबूत घसा फोडावा लागू नये म्हणून त्याने खटपट करून हे विटांचं प्रार्थनाघर उभं केलं. ते १८९२ मध्ये उघडलं. बांधलं कीर्तनाला आणि गाजलं गाण्याला! १९४३ ते १९७४ 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओवरचा गाण्यांचा कार्यक्रम इथून चाले. ऑप्री नव्या जागी गेली तेव्हा जुन्या रंगमंचाचं गोल लाकूड कापून तिकडे बसवलं. सासरी जाणाऱ्या लेकीने माहेरच्या तुळशीची माती न्यावी तसं.

काल ब्लूग्रास होतं. बँजो, मँडोलिन आणि फिडल. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण उभ्याने आणि एसटी सुटत असल्यासारखं वाजवायचं. पाच जणांत माईक एक. ज्याची पाळी तो पुढे घुसतो, बाकीचे अंग चोरून मागे सरकतात. दिवाळीच्या पहाटे आम्ही बहिणी एका आरशापुढे करायचो अगदी तसं. बिल मन्रोच्या ताफ्यात अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवायला लागला तो १९४५ मध्ये, याच रंगमंचावर. तिथून हा बाज घडला. त्या लाकडात सूर काय मुरतो म्हणून सांगू!

आणि इथेच घोटाळा झाला. एका गाण्यावर बँजोवाल्याने अशी काही कमाल केली की माझ्यातली सांगलीकरीण उठली आणि ओरडली, "वन्समोअर!" ह्यांनी डोळे मिटून घेतले. चिरंजीव बाकाखाली पडलेलं काहीतरी शोधायला लागले. पुढचे टोपीवाले आजोबा वळून अदबीने म्हणाले, "एकदाच का, बाई? रात्र पडलीय अजून!"

तेव्हा लक्षात आलं, इथे 'एन्कोअर' म्हणतात. म्हणजे इंग्रजी बोलणारे फ्रेंचमध्ये ओरडतात, मराठी बोलणारे इंग्रजीत. आपापल्या भाषेत कुणीच नाही! आजोबांनी मग सांगितलं, हँक विल्यम्स १९४९ मध्ये इथे पहिल्यांदा ऑप्रीत गायला तेव्हा त्याला सहा एन्कोअर मिळाले. मीही सोडते की काय! आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्येच 'सीता स्वयंवर' रंगवलं होतं, हे ऐकवलं. तुमच्या थिएटरच्या एकोणपन्नास वर्षं आधी, हेही. आजोबांनी टोपी काढली. शेवटी सगळं थिएटर उभं राहिलं तेव्हा तेच आधी ओरडले, "वन्समोअर!"

बाकी सगळे खुशाल. आई, पुढच्या पार्सलात चिवडा थोडा कमी घाल आणि देवघरातली जुनी लोकरीची आसनं पाठव. दोन नको, तीन. पुढच्या महिन्याची तिकिटं काढली आहेत.

तुमची,
धाकटी