हिरव्या जाळीस, सा. न. वि. वि.

प्रति,
सौ. हिरवीताई जाळे,
मु. पो. परांची, मजला पहिला ते बाविसावा,
आमच्या खिडकीसमोर, मुंबई.

दोन वर्षं आपण समोर उभ्या आहात आणि आम्ही एकदाही चहाला बोलावलं नाही, राग मानू नये. आपण मात्र न बोलावता रोज येता. आज सकाळी तुळशीच्या कुंडीत आपले चार धागे निघाले, काल पोह्यांत एक. मागच्या गल्लीतल्या बुलबुलानं तर अख्खं घरटं आपल्या झिरमिळ्यांनी सजवलंय. पिल्लांच्या पायात त्या अडकतात, पण शोभा येते.

आपलं माहेर शेतात. शेडनेट म्हणून ढोबळी मिरचीवर सावली धरायचात. शहरात आलात आणि भाग्य उजळलं. 2023च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा बिघडली तेव्हा पालिकेनं नियम काढले: बांधकाम चालू असलेली इमारत चारी बाजूंनी झाकलीच पाहिजे, हिरव्या कापडानं, तागानं किंवा ताडपत्रीनं. तीन स्थळं सुचवली होती हो! समोरच्या बिल्डरनं, म्हणजे आपल्या यजमानांनी, पत्रिकाही न बघता आपल्याला पसंत केलं. ताग महाग पडतो, शिवाय दोन पावसाळ्यांत कुजतो म्हणे. कुजतो! केवढा हा दुर्गुण. आपल्या पॉलिएथिलीन घराण्यात कुजण्याची चाल नाही. उन्हानं आपला रंग विटतो, अंग कडक होतं, धागा तुटतो, तुकड्याचे आणखी तुकडे होतात आणि पहिल्या पावसात ते गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत रवाना होतात. कुजत मात्र नाहीत.

बरं, आपल्याला आणलं कशासाठी? धूळ अडवायला. विटेचा तुकडा, खडीचा कण आपण अडवता, खोटं का बोला. पण ज्या धुळीपायी हा सगळा खटाटोप झाला, ती छातीत उतरणारी धूळ अडीच मायक्रॉनची. आपलं एक भोक दोन मिलिमीटरचं धरलं तरी ते तिच्या आठशेपट रुंद. डास येऊ नये म्हणून चार मीटरचा दरवाजा सताड उघडा ठेवून बसावं, तसलं हे. वर पाण्याचा फवारा मारला तर धूळ बसते, पण त्याला पाणी लागतं, पंप लागतो, माणूस लागतो. आपल्याला लागतात फक्त चार सुतळ्या. धूळ तिच्या वाटेनं येतेच, सोबतीला आता प्लॅस्टिकही येतं.

आपली थोरवी एकच, आपण हलक्या आहात. गैरसमज नको, वजनाबद्दल बोलतोय. आपण उतरलात की तिथे काच चढणार. सहा मिलिमीटरची साधी काच चौरस मीटरला 15 किलो भरते. आपलं वजन 100 ग्रॅम धरू. पंचवीस मीटर बाजूची, सत्तर मीटर उंचीची इमारत म्हणजे सात हजार चौरस मीटर. तेवढ्याला आपण फक्त सातशे किलो. इमारतीला काचेऐवजी कापडी दर्शनी भाग देण्याचं कौतुक करणारे हाच हिशेब मांडतात, आणि चुकीचाही नाही तो. फक्त ते सातशे किलो शेवटी जातात कुठे, हा रकाना कोरा असतो.

आपल्या चुलत बहिणीची गोष्ट सांगतो. 2021 साली पॅरिसच्या आर्क द त्रिओंफ या विजयकमानीला ख्रिस्तो या कलाकाराच्या आराखड्याप्रमाणे रुपेरी निळ्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये गुंडाळलं होतं. पंचवीस हजार चौरस मीटर कापड, म्हणजे आपल्या साडेतीन इमारती. सोळा दिवस! तेवढ्यावरूनही टीका झाली, एवढं कापड कशाला म्हणून. आपण दोन वर्षं उभ्या आहात, शहरात आपल्या बहिणी किती हे कोण मोजतो, आणि कुणी साधं नाक मुरडत नाही. याला म्हणतात नशीब.

आमच्या आजोळी, चिपळूणकडे, पावसाआधी मातीच्या भिंतीला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधत. तेही इमारतीचं हलकं वस्त्रच. दिवाळीच्या सुमारास आजी ती सोडवायची, न्हाणीच्या चुलीत घालायची आणि राख माडाच्या आळ्यात टाकायची. बाविसाव्या मजल्याला झापं बांधा असं मी म्हणत नाही. शेवट कुठे, हे आजीला बांधतानाच ठाऊक असायचं, एवढंच.

आपल्या यजमानांनी मागच्या गल्लीतली इमारत पूर्ण केली, तेव्हा आपली थोरली बहीण कशी उतरली ते मी पाहिलंय. ब्लेडनं सुतळ्या कापल्या, वरून सोडून दिली. निम्मी डेब्रिजच्या डंपरात गेली. उरलेली वॉचमननं जानेवारीभर शेकोटीला पुरवली, काळा धूर आमच्या बाल्कनीपर्यंत. तेव्हा आपला शेवट कुठे, हे यजमानांना आधीच विचारून ठेवा. ते आम्हाला भेटत नाहीत, मीटिंगमध्ये असतात.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, धागे कमी पाठवावेत.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा